त्वचा, निद्रा आणि तिसरी पाळी

त्वचेच्या दुखण्याने कोणी मरत नाही, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. आणि इसब, सोरायसिस, अंगावर वारंवार उठणारे पित्त यांसारखे जे विकार एकदा जडले म्हणजे वर्षानुवर्षे माणसाची सोबत सोडत नाहीत, त्यांच्याकडे घरच्यांनी, मालकांनी आणि पुष्कळदा वैद्यांनीही दुय्यम दृष्टीने पाहावे, याचे मूळ ह्याच समजुतीत आहे. रोगी डॉक्टरांपुढे बाही वर करून चट्टे दाखवितो, खाजेची तक्रार सांगतो आणि मलमाची चिठ्ठी घेऊन परततो. परंतु गेल्या कित्येक महिन्यांत आपल्याला सलग झोप अशी लागलेली नाही, ही गोष्ट तो बोलत नाही, कारण झोपेचा आणि कातडीचा काही संबंध असेल असे त्याला वाटत नाही आणि त्याला ते सहसा कोणी विचारीतही नाही. ह्या विकारांपायी होणाऱ्या हानीचा फार मोठा हिस्सा ह्या न सांगितलेल्या आणि न विचारलेल्या गोष्टीत दडलेला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि ती हानी कशी घडते हे नीट समजून घ्यावयाचे असेल, तर पिंपरी-चिंचवडपासून भोसरी, तळवडे, म्हाळुंगे ओलांडून चाकणपर्यंत पसरलेल्या कारखान्यांच्या पट्ट्याकडे पाहावे.

हा पट्टा फार जुना नाही. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी औषध-कारखाना स्थापन झाला, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, आणि टेल्को, बजाज यांसारख्या मोठ्या कारखान्यांच्या आश्रयाने, त्यांना सुटे भाग पुरविणारी असंख्य लहान वर्कशॉपे गल्लोगल्ली उभी राहिली. १९७० साली पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या खानेसुमारीत तिची वस्ती सतरा लाखांच्या वर गेली. पूर्वी कांद्याच्या बाजारासाठी आणि संग्रामदुर्गासाठी ओळखले जाणारे चाकण आज मोटारींच्या कारखान्यांसाठी देशभर ठाऊक आहे. मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि उत्तर हिंदुस्थानातून आलेली तरुण माणसे येथे भाड्याच्या खोल्यांतून, पुष्कळदा ‘कॉट बेसिस’वर, राहतात. एकाची फर्स्ट शिफ्ट सुरू होते तेव्हा दुसऱ्याची थर्ड शिफ्ट संपून त्याची झोपण्याची वेळ झालेली असते, आणि पाळ्या आठवड्या-पंधरवड्याने फिरत असल्यामुळे शरीराला एका वेळेची सवय लागते न लागते तोच ती वेळ बदलते.

खाज रात्री का वाढते, हा प्रश्न रोग्याला नेहमी पडतो. आणि हा आपल्या मनाचाच खेळ असावा, असा चुकीचा निष्कर्ष तो काढतो. वस्तुतः त्याला भरीव शारीरिक कारणे आहेत. आपल्या देहात दिवसरात्रीचे एक आंतरिक घड्याळ चालते (त्याची यंत्रणा उलगडून दाखविल्याबद्दल २०१७ साली हॉल, रॉसबॅश व यंग या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले), आणि त्वचेच्या पेशीही त्या घड्याळाच्या तालाने चालतात. दाह आवरून धरणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक पहाटे व सकाळी रक्तात विपुल असते आणि मध्यरात्रीच्या सुमारास अगदी नीचांकाला जाते. म्हणजे दाहाला लगाम घालणारा हात नेमका रात्री सैल पडतो. झोप लागण्यासाठी शरीराच्या गाभ्यातील उष्णता बाहेर पडावी लागते, आणि ती बाहेर टाकण्यासाठी सायंकाळपासून त्वचेकडे रक्ताचा ओघ वाढून कातडी उबदार होते. उबदार कातडी अधिक खाजते हे कोणीही सांगेल. रात्री त्वचेतून बाष्परूपाने पाणीही अधिक निघून जाते, तेव्हा जिचा बाहेरचा पदर आधीच विकाराने विरलेला आहे ती त्वचा आणखी कोरडी पडते. यात भर म्हणजे इसबाच्या दाहात इंटरल्यूकिन-३१ नावाचा जो रासायनिक निरोप्या पाझरतो, तो खाजेच्या मज्जातंतूंना सरळ चेतवितो. दिवसा मशीनच्या घरघरीत आणि कामाच्या घाईत मनाला ज्या संवेदनेची दखल घ्यायला फुरसत नसते, ती निजताच सर्व बळानिशी पुढे येते.

मग रोगी झोपेत खाजवितो. निद्रेच्या प्रयोगशाळांत केलेल्या नोंदींवरून असे दिसते की हे खाजविणे मुख्यतः उथळ झोपेत होते, गाढ निद्रेत कमी. आणि प्रत्येक खाजविण्यासरशी झोप क्षणभर फाटते, मात्र ती पुरती मोडतेच असे नाही. त्यामुळे सकाळी त्याला काही आठवत नाही. अंथरुणावर आठ तास पडूनही अंग जड का वाटते, डोके का ठणकते, लहानशा गोष्टीवरून चिडचिड का होते, याचे कारण त्याला सापडत नाही; चादरीवरचे रक्ताचे बारीक डाग आणि कातडीचे पापुद्रे घरच्या बाईला मात्र दिसतात. सोरायसिसमध्येही खाज असतेच, आणि ज्यांच्या सांध्यांना तो विकार धरतो त्यांची पहाट आखडलेल्या बोटांनी व कमरेच्या वेदनेने उजाडते. शिवाय झोपेत श्वास अडकण्याची व्याधी सोरायसिसच्या रोग्यांत इतरांहून अधिक आढळते, म्हणून अशा रोग्याच्या मोठ्या घोरण्याकडे थट्टेने न पाहता त्याची तपासणी करून घेणे शहाणपणाचे ठरते.

आता याची उलट बाजू पाहा. त्वचा झोप मोडते हे खरे, तसेच मोडलेली झोप त्वचेला बिघडविते हेही खरे. निरोगी स्त्रियांना एक रात्र जागे ठेवून केलेल्या एका प्रयोगात त्यांच्या त्वचेचा मुद्दाम विस्कटलेला वरचा पदर पूर्ववत होण्यास अधिक वेळ लागला, आणि रक्तातील दाहकारक द्रव्ये वाढलेली दिसली. अमेरिकेत परिचारिकांच्या एका मोठ्या समूहावर दीर्घकाळ जो अभ्यास चालू आहे, त्यात फिरत्या रात्रपाळ्या जितकी अधिक वर्षे केल्या तितका सोरायसिस जडण्याचा संभव वाढलेला आढळला. ह्या निष्कर्षावरून प्रत्येक कामगाराने भयभीत व्हावे असे मी म्हणणार नाही. परंतु ज्याला हा रोग आधीच आहे त्याच्या पाळीचा विचार त्याच्या औषधाइतकाच गंभीरपणे व्हावा, एवढे म्हणायला ह्यात पुरेसा आधार आहे.

आपल्या प्राचीन वैद्यकाने हा संबंध निराळ्या मार्गाने का होईना, ओळखला होता. चरकसंहितेने आहार आणि ब्रह्मचर्य यांच्या जोडीला निद्रेस शरीराच्या तीन उपस्तंभांत स्थान दिले, आणि ज्यांना तिने ‘कुष्ठ’ या एका व्यापक संज्ञेखाली गोळा केले अशा अठरा त्वचाविकारांच्या कारणांत दिवसा झोपण्याचाही उल्लेख केला. त्या काळच्या वैद्यांपुढे अजीर्णावर लोळणारा सुखवस्तू मनुष्य असावा. सकाळी थर्ड शिफ्ट संपवून पत्र्याच्या तापलेल्या खोलीत, शेजारच्या टीव्हीच्या आवाजात आणि खिडकीवर लटकाविलेल्या टॉवेलाच्या अंधारात डोळा लावू पाहणारा ऑपरेटर त्यांच्या कल्पनेत येणे शक्य नव्हते. त्याची दिवसाची झोप ही सक्तीची आहे. ती रात्रीच्या झोपेपेक्षा आखूड असते, उथळ असते, आणि उन्हाळ्यात घामाने भिजलेली असते. घाम हा इसबाचा जुना वैरी आहे.

ह्या कामगाराच्या हाताकडेही पाहावयास हवे. सीएनसी आणि व्हीएमसी मशीनवर धातू कापताना जे दुधाळ पाणी सतत वाहत असते, ज्याला सगळे ‘कूलंट’ म्हणतात, त्यात तेल, साबणासारखी द्रव्ये, गंजरोधके आणि जंतू वाढू नयेत म्हणून घातलेली रसायने असतात. तास न् तास त्यात बुडालेल्या हातांचे नैसर्गिक तेल धुऊन जाते, बोटांच्या बेचक्यांतून कातडी लाल होते, चिरते, झोंबते. प्लेटिंगच्या खात्यात क्रोम आणि निकेल, पेंटशॉपमध्ये थिनर व इपॉक्सी, बांधकामावर सिमेंट, आणि विरोधाभास असा की संरक्षणासाठी घातलेल्या रबरी हातमोज्यांतील रसायनेही काहींना बाधतात. शिफ्ट सुटल्यावर हाताचे काळे तेल निघावे म्हणून थिनरने किंवा रॉकेलने हात धुण्याची जी रीत अनेक वर्कशॉपांत आहे, ती तर कातडीवर उघड अत्याचार करणारी आहे. हा विकार कामातून आला आहे की नाही, याची एक साधी ओळख आहे: सुट्टीत तो उतरतो आणि कामावर परतताच उसळतो. ह्या पट्ट्यात पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. तेव्हा गुरुवारी, किंवा गावी जत्रेला गेल्यावर आठ दिवस, हात आणि झोप दोन्ही सुधारतात काय, हे रोग्याने स्वतः ध्यानात ठेवावे. नक्की कोणते द्रव्य बाधते हे ठरविण्यासाठी पाठीवर लहान पट्ट्या चिकटवून अठ्ठेचाळीस तासांनी व पुन्हा चौथ्या दिवशी पाहण्याची ‘पॅच टेस्ट’ त्वचारोगतज्ज्ञ करतात. त्या चार दिवसांत पाठ भिजवायची नसते आणि घामाचे काम टाळायचे असते, म्हणून ती रजा काढूनच करावी.

मात्र रात्रीची प्रत्येक खाज म्हणजे इसब नव्हे. एकाच खोलीतील दोघा-तिघांना रात्रीच कंड सुटत असेल, बोटांच्या बेचक्यांत, मनगटाशी, कमरेभोवती बारीक पुटकुळ्या असतील, तर ती बहुधा खरूज असते. तिच्यावर पर्मेथ्रिनचे मलम मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत लावावे लागते, आणि खोलीतल्या सर्वांनी ते एकाच रात्री लावले नाही, तर ती पुन्हा फिरून येते. जांघेत, कमरपट्ट्याखाली गोल कडांनी पसरणारा तो बुरशीचा नायटा. बुरशीविरुद्धच्या औषधांच्या इतिहासात ह्याच पिंपरीचे नाव आहे: हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधून काढले. त्याच शहरात आज नायट्यावर सर्रास चोपडली जाते ती स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि जंतुनाशक यांची मिसळ असलेली ट्यूब. ती लावताच खाज दोन दिवसांत शमते, झोप लागते, आणि म्हणूनच ती सोडवत नाही. आत बुरशी मात्र स्टिरॉइडच्या छायेत फोफावते, कातडी पातळ होते, आणि औषध थांबविताच जी आग उठते ती पूर्वीपेक्षाही अधिक रात्री जागविते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत असा हुकूम काढला. त्याचा अंमल करणे दुकानदाराच्या हाती आहे, आणि चिठ्ठीवाचून न मागणे आपल्या.

ज्याविषयी मला सर्वांत अधिक कळकळीने लिहावयाचे आहे, ते उपचारांचे आणि झोपेचे नाते होय, कारण येथे रोगाबरोबर औषधही निद्रेशी खेळते. खाज आली की ‘ॲलर्जीची गोळी’ घ्यावी, हा सार्वत्रिक रिवाज आहे. अंगावर उठणाऱ्या पित्तावर ही हिस्टामाइनविरोधी गोळी योग्यच. तेथे खाज हिस्टामाइनमुळेच होते. इसबाच्या खाजेत हिस्टामाइनचा वाटा थोडा, म्हणून तेथे एव्हिल, हायड्रॉक्सिझिन, क्लोरफेनिरामिन यांसारख्या जुन्या गोळ्यांचा जो गुण येतो तो बव्हंशी गुंगीचा असतो; आणि ती गुंगी म्हणजे निद्रा नव्हे. त्या गोळ्या झोपेतील स्वप्नांचा टप्पा आखडतात आणि त्यांची सुस्ती दुसऱ्या दिवसापर्यंत रेंगाळते. पॉवर प्रेसवर हात घालून काम करणाऱ्याला किंवा पहाटे नाशिक फाट्यावरून मोटारसायकलीने परतणाऱ्याला ही सुस्ती जिवावर बेतू शकते. सेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन यांसारख्या नव्या गोळ्यांत गुंगी कमी, फेक्सोफेनाडिनमध्ये तर अगदीच थोडी. तेव्हा आपण यंत्रावर काम करतो हे डॉक्टरांना प्रथम सांगावे.

प्रेडनिसोलोनसारखी पोटात घेण्याची स्टिरॉइड गोळी ही दुसरी बाब. ती सायंकाळी घेतली तर रात्र जागून काढावी लागते; म्हणूनच शरीराच्या कॉर्टिसॉलच्या नैसर्गिक चढाशी जुळवून ती सकाळी न्याहारीनंतर घेण्यास सांगतात. परंतु ‘सकाळी’ हा शब्द थर्ड शिफ्टच्या माणसाला लागू करताना विचार हवा, कारण त्याची सकाळ म्हणजे निजण्याची वेळ. त्याने गोळी केव्हा घ्यावी हे त्याच्या पाळीप्रमाणे ठरवावे लागते, आणि ते ठरविणे डॉक्टरांचे काम आहे; चिठ्ठीवरील ‘१-०-०’ ही खूण त्याला पुरत नाही. ह्या गोळ्या मनानेच घेऊ नयेत आणि मनानेच एकाएकी बंदही करू नयेत, विशेषतः सोरायसिसमध्ये, जेथे त्या एकदम थांबविल्यास सर्वांगावर उद्रेक होण्याचा धोका असतो.

सोरायसिसवर मेथोट्रेक्सेट हे स्वस्त आणि गुणकारी औषध आहे, पण ते आठवड्यातून एकच दिवस घ्यावयाचे असते. पाळ्या फिरत असताना वारांचा घोळ होऊन ते रोज घेतले गेल्यास प्राणघातक ठरू शकते. म्हणून कॅलेंडरवर एक वार पक्का करावा, आणि तो पाळीप्रमाणे बदलू नये. अतिनील किरणांचा उपचार आठवड्यातून दोन-तीनदा रुग्णालयात उभे राहून घ्यावा लागतो. रात्रपाळीनंतर रांगेत बसणाऱ्याला तो झोप मोडूनच परवडतो, आणि म्हणून तो अर्ध्यावर सुटतो. नवी जैविक औषधे, सोरायसिसवरची आणि तीव्र इसबावरचे ड्युपिल्युमॅब, दाहाच्या मुळाशी जातात, आणि खाज उतरताच झोपही सुधारते असे त्यांच्या चाचण्यांत दिसून आले. पण त्यांची किंमत साध्या कामगाराच्या आवाक्याबाहेर आहे. मेलाटोनिनविषयी अलीकडे पुष्कळ बोलले जाते. इसब असलेल्या मुलांवर तैवानमध्ये झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान चाचणीत त्याने झोप सुमारे एकवीस मिनिटे लवकर लागली. हा लाभ खरा, परंतु फिरत्या पाळीच्या कामगाराला तो तसाच मिळेल असे त्यावरून म्हणता येत नाही.

साध्या उपायांचे मोल यांहून कमी लेखू नये. कोमट पाण्याने थोडक्यात स्नान, अंग ओलसर असतानाच व्हॅसलीन किंवा तत्सम स्निग्ध मलम, नखे कापलेली, सुती कपडे, हवेशीर अंथरूण: ही पथ्ये जुनीच आहेत, पण ती झोपण्याच्या वेळेशी बांधावी, मग ती वेळ रात्री दहाची असो वा सकाळी आठची.

डॉक्टर झोपेविषयी विचारीत नाहीत, याचा सर्व दोष त्यांच्यावर टाकणे न्याय्य होणार नाही. ज्या मापांनी हे रोग मोजावयास त्यांना शिकविले जाते त्या मापांतच झोपेला बेताची जागा आहे. सोरायसिसचे १९७८ पासून प्रचारात असलेले ‘पासी’ हे माप लाली, जाडी, खपल्या आणि व्याप्ती पाहते. त्यात ना खाज ना झोप. त्वचारोगाने जीवनाची किती हानी होते हे विचारणारी, १९९४ साली कार्डिफमध्ये तयार झालेली आणि जगभर वापरली जाणारी दहा प्रश्नांची यादी आहे, तिच्यातही झोपेचा स्वतंत्र प्रश्न नाही. इसबाच्या ‘स्कोरॅड’ मापात मात्र गेल्या तीन रात्रींत झोप किती मोडली याला शून्य ते दहा असे गुण देतात. पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयाच्या गर्दीत एका रोग्यामागे मिळणारी मिनिटे मोजकी असतात हे मी जाणतो; तरी हा एक प्रश्न विचारायला अर्ध्या मिनिटाहून अधिक लागत नाही.

राहता राहिला कायद्याचा भाग. रसायने व रंग यांच्या प्रत्यक्ष स्पर्शाने होणारा त्वचादाह १९४८ च्या कारखाने अधिनियमाने आपल्या तिसऱ्या परिशिष्टात दाखल केला, म्हणजे तो ओळखणाऱ्या डॉक्टराने त्याची वर्दी कारखाने निरीक्षकांच्या दप्तरी देणे बंधनकारक ठरविले. कामगार राज्य विमा योजनेतही व्यवसायजन्य त्वचाविकारांना जागा आहे. आणि तेथे नोंद कोणत्या सदराखाली झाली याने कामगाराच्या पदरात पडणाऱ्या रकमेत फरक पडतो, कारण साध्या आजारपणाच्या रजेत मजुरीच्या सत्तर टक्के भत्ता मिळतो, तर कामातून आलेल्या तात्पुरत्या अपंगत्वात नव्वद टक्के. कंत्राटी कामगारही ह्या हक्कास पात्र असतो, परंतु काम जाण्याच्या भीतीने तो अर्जच करीत नाही. हात फडक्यात गुंडाळतो, रात्री मेडिकलमधून ट्यूब आणतो, आणि पुढच्या पाळीला हजेरी लावतो.

म्हणून ज्यांच्या अंगी हे विकार आहेत त्या वाचकांना माझी विनंती एवढीच आहे की पुढच्या वेळी दवाखान्यात जाल तेव्हा चट्ट्यांबरोबर तीन गोष्टी न विचारता सांगा: पाळी कोणती आहे आणि ती केव्हा बदलते, हाताला कोणते तेल-रसायन लागते, आणि गेल्या तीन रात्रींत (किंवा दिवसांत) खाजेने झोप किती वेळा मोडली. आणि ज्यांच्या हाती शिफ्टचा तक्ता आहे त्या सुपरवायझरांनी व व्यवस्थापकांनी, डॉक्टरांचा दाखला आणणाऱ्या कामगाराची पाळी रोग उसळलेला असेतोवर एकच ठेवावी व त्याला कूलंटच्या मशीनवरून हलवावे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही आणि कारखान्याचे उत्पादनही थांबत नाही.